लेन्सवाला नावाचा पुरुष

३ ऑगस्ट, सोमवार

प्रिय मावशी,

पत्र बघून दचकू नकोस, कुणाला काही झालेलं नाही. फोन का केला नाहीस म्हणून ओरडशील. एक तर तुझा उजवा कान टेलिफोन एक्सचेंजच्या नोकरीत गेला, आणि मला जे सांगायचंय ते मोठ्यानं सांगवत नाही. दुसरं म्हणजे मला फोनचीच भीती वाटायला लागलीय. हसू नकोस.

दहा सप्टेंबरला माझी तोंडी परीक्षा आहे, ते तुला माहीतच आहे. डोळ्यांच्या मोठ्या दवाखान्यातली, चष्मे विभागातली जागा. भिंगं घासण्यात मी कुणाला हार जाणार नाही, पण तिथं पेशंटशी इंग्रजीत बोलावं लागतं, आणि इंग्रजी म्हटलं की माझी दातखीळ बसते. म्हणून इंटरनेटवरच्या एका गटात गेले. सगळे शिकाऊ. रोज अर्धा तास कुणाशी तरी टाइप करून गप्पा मारायच्या, विषय कुठलाही, आणि नंतर ते सगळं बोलणं चुकांसकट वहीत हातानं उतरवायचं. गट चालवणाऱ्या बाईंचा तो नियमच आहे.

पहिले आठ दिवस मी बाई म्हणून होते. काय सांगू तुला! मी लिहायचे, "भिंग घासताना पाणी सोडावं लागतं," आणि उत्तर यायचं, "तुमचा फोटो पाठवा ना." कुणी चूक दाखवत नव्हतं, वाद घालत नव्हतं, नुसतं वा वा. अशानं कसलं इंग्रजी येणार, कप्पाळ! शेवटी मी नाव बदललं. लेन्सवाला. इंग्रजीत 'मी आले' आणि 'मी आलो' एकच, त्यामुळे लपणं सोपं. आणि खरंच फरक पडला गं. लोक तोंडावर चुका सांगायला लागले. एकानं "हे चूक आहे" एवढंच लिहिलं आणि निघून गेला. मला इतका आनंद झाला!

पण पुरुष होणं सोपं नाही. वही उतरवताना मोजलं, तर अर्ध्या तासात मी सतरा वेळा सॉरी म्हटलं होतं, समोरच्यानं एकदाही नाही. प्रश्न माझे बावीस, त्याचे दोन. मग भिंतीवर कागद लावला: सॉरी नाही, फुलांची चित्रं नाहीत, 'हो ना?' नाही, आणि 'अरेरे' तर मुळीच नाही.

गटात एकजण आहे, त्याला मी खडूस म्हणते. लाकूड तोडल्यासारखं बोलतो. परवा म्हणाला, माझी सायकल चोरीला गेली. माझ्या हातून लिहून गेलं, "किती वाईट वाटलं असेल तुम्हाला." मग एक ओळ आली: "लेन्सवाला, तू पुरुष नाहीस."

मी फोन उशीखाली दाबून ठेवला आणि वर बसले, खरंच. खोलीत मी एकटी. खाली इस्त्रीवाली बाई आहे, चांगली आहे. तिच्याकडे तुझ्या जमान्यातला काळा फोन अजून चालू आहे, त्यावर कापड पांघरून ठेवते. पण तिला काय सांगू? मी पुरुष झाले होते आणि पकडली गेले म्हणून?

सॉरी, उगाच तुझ्या जिवाला घोर लावला. पण काय करू ते सांग.

तुझी भिंगरी

८ ऑगस्ट, शनिवार

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र आलं तेव्हा मी प्लास्टरातला पाय स्टुलावर ठेवून भिंतीशी गप्पा मारत होते. न्हाणीघरात घसरले, हे तुला कळवलं नव्हतं, आता कळवते. महिना-सव्वा महिना जागचं हलायचं नाही असं डॉक्टर म्हणतात. आता तूही ओरडून घे, म्हणजे फिटंफाट.

सायकलवाल्याला "वाईट वाटलं असेल" म्हणालीस म्हणून पकडली गेलीस! अक्काची मुलगी शोभतेस. तुझी आई चोराला पण विचारायची, जेवलास का बाबा.

आता नीट ऐक. एकतीस वर्षं एक्सचेंजच्या बोर्डावर बसलेय मी. तीन वाक्यांत बाप्या की बाई ते ओळखायचे. आणि वाक्यांवरूनच हं, आवाजावरून तर कुणीही ओळखेल. बाप्या नंबर सांगतो आणि लवकर लावा म्हणतो. बाई आधी "बिझी आहात का हो" असं विचारते. आणि जो ऑपरेटरला हुकूम सोडायला लागतो, तू कुठं राहतेस मला ठाऊक आहे म्हणतो, तो नालायक. अशांची ओळ आम्ही सरळ तोडायचो. तूही तोड. खडूसला उत्तर द्यायचं नाही, चांगलं नाही, वाईट नाही, काहीच नाही. तू उत्तर दिलंस की तो तुला धरून बसेल.

त्या गटात एखादी धड बाई नाही का? असेल तर तिच्याशी बोलत जा. बाईला बाईचाच आधार.

आणि मला पत्रात सॉरी म्हणायचं नाही. मी काय तुझी परीक्षक आहे?

मावशी

१३ ऑगस्ट, गुरुवार

प्रिय मावशी,

पाय कसा आहे? नीट राहा गं, आता तूच तेवढी उरलीयस मला.

मी खडूसला उत्तर दिलं नाही, तर त्यानं हे पाठवलं. वहीतून जसंच्या तसं मराठी करते: "लेन्सवाला. तू बाई आहेस. कुठल्या शहरात आहेस ते तुझ्या बोलण्यावरून कळलं. दुकान शोधायला मला दहा मिनिटं लागली. पत्ता कुणाला देऊ नकोस. फोटो देऊ नकोस. कुणाला भेटू नकोस. ऐकतेस ना? आणि तुझ्या मशीनचा पट्टा बदललास का?"

मशीनचा पट्टा सटकतो हे मी त्याला तीन आठवड्यांपूर्वी कधीतरी सांगितलं होतं. ते त्यानं लक्षात ठेवलं! कुणाला भेटू नकोस म्हणजे काय? मी काय त्याच्या बापाची आहे?

आणि मावशी, काल आणि आज दुकानासमोर एक माणूस उभा होता. हातात हिरवं हेल्मेट. काचेतल्या फ्रेमा बघत होता, पण आत आला नाही. मालकांना सांगितलं तर म्हणाले, गिऱ्हाईक आहे, येईल. मी भिंग घासता घासता मान वर केली की तो तिथंच. एक भिंग फोडलं मी आज. आयुष्यात पहिल्यांदा.

एकच बरी गोष्ट आहे. तुझं पत्र यायच्या आधीच मला एक ताई भेटली. गटातच. सगळ्यांना 'डिअर' म्हणते, प्रत्येक वाक्यामागे फूल. तिचा स्वभाव इतका मऊ की मी तिला रविवारी सगळंच सांगून टाकलं, मी बाई आहे, दुकान कुठलं, खडूस कसा छळतोय. ती म्हणाली, "अगं बाई, किती घाबरली असशील, मी आहे ना." तेवढ्यानंच मला रडू फुटलं.

मला फार भीती वाटते गं.

तुझी भिंगरी

१८ ऑगस्ट, मंगळवार

चि. भिंगरीस,

तुझं पत्र वाचून रात्रभर डोळ्याला डोळा नाही. पाय धड असता तर सकाळच्या गाडीनं आले असते.

तो हेल्मेटवाला म्हणजेच खडूस, मी लिहून देते. असा हुकूम सोडणारा बाप्याच असणार, आणि बाप्यांतलाही नंबरी. पट्टा लक्षात ठेवतो मेला! असली माणसं बारीकसारीक सगळं लक्षात ठेवतात आणि वेळेला काढतात.

मी सांगते तसं कर. फोन बंद कर, त्यातलं कार्ड काढ आणि डब्यात टाकून दे. तो त्या फोनवाटेच तुझ्यापर्यंत येतोय. सराव बुडवू नकोस, परीक्षा तोंडावर आली आहे. जेवणाच्या सुट्टीत दुकानातल्या कॉम्प्युटरवरून त्या ताईशी बोल, आणि फक्त तिच्याशीच. तिच्याबद्दल तू लिहिलंस त्यावरून बाई सोज्वळ दिसते. एकतीस वर्षांचा अनुभव आहे, माझा शब्द वाया जायचा नाही.

तिच्याशी झालेलं बोलणं वहीतून उतरवून पाठव मला. मला तेवढाच विरंगुळा.

मावशी

२४ ऑगस्ट, सोमवार

प्रिय मावशी,

तुझं ऐकलं. फोन डब्यात आहे आणि माझा जीव भांड्यात. चार दिवस छान झोपले. हेल्मेटवालाही दिसला नाही. तू म्हणजे तूच.

ताईशी रोज बोलते. ती म्हणते, मी तुझ्याच शहरात राहते, काय योगायोग बघ! तोंडी परीक्षेचं एक जुनं पुस्तक तिच्याकडे आहे, त्यात नेमके डोळ्यांच्या दवाखान्यातले संवाद आहेत. ते घेऊन रविवारी सकाळी अकराला ती खोलीवर येणार आहे. मी म्हटलं, दुकानात या, तर म्हणाली, दुकानात निवांत बोलता येणार नाही, आपण दोघीच असू तर बरं. इस्त्रीवालीला सांगू नकोस म्हणाली, चार माणसं जमली की तिला लाजल्यासारखं होतं. मी बिस्किटं आणून ठेवणार आहे.

तू मागितलेली पानं सोबत आहेत. मराठी करून लिहिलीत. वाच आणि सांग, माझं बोलणं सुधारलंय ना?

तुझी भिंगरी

२९ ऑगस्ट, शनिवार, दुपारी तीन

भिंगरे,

हे पत्र तुला मंगळवारी मिळेल आणि ती उद्या अकराला येणार. म्हणजे ह्या पत्राचा काही उपयोग नाही, कळतंय मला. पण तुमच्या दुकानाचा फोन लावायचा, तो वाजू द्यायचा, कुणी उचलत नाही, पुन्हा लावायचा, ह्यात मध्ये मध्ये वेड लागायची पाळी आली म्हणून लिहितेय.

तुझं पाकीट दुपारी एकला आलं. पानं वाचली. पहिल्यांदा वाचली तेव्हा वाटलं, किती गोड बाई. फुलं काय, डिअर काय. मग पाय ठणकत होता म्हणून पुन्हा वाचत बसले. तू लिहिलंयस, "आई गेली त्या वर्षी मी ही नोकरी धरली." तिचं उत्तर, "किती छान! खोलीवर एकटीच असतेस का?" मी मनात म्हटलं, इंग्रजी कच्चं असेल. पुढच्या पानावर तू म्हणतेस, "मावशीचा पाय मोडलाय, मला जाता येत नाही, जीव तुटतो." उत्तर, "सो स्वीट. जिना बाहेरून आहे की आतून?"

भिंगरे, सहा पानं आहेत. तिनं तुला एकोणतीस प्रश्न विचारलेत. तू दिलेलं एकही उत्तर तिनं हातात घेतलेलं नाही. नुसतं घर, जिना, कडी, वेळ, एकटी.

मी गाढवीण आहे. बोर्डावर मी माणसं बोलण्याच्या गोडीवरून कधीच ओळखली नव्हती. कोण ऐकतंय त्यावरून ओळखायचे. आणि म्हातारपणी फुलं बघून भुलले. हुकूम सोडतो तो बाप्या आणि डिअर म्हणते ती बाई, असं मानून बसले! तो खडूस तुला काय सांगत होता? पत्ता देऊ नकोस, कुणाला भेटू नकोस. आणि मशीनचा पट्टा बदललास का. अगं, ज्याला तुझ्या पट्ट्याची काळजी आहे त्याला मी नालायक ठरवलं, आणि जिला तुझी आई गेल्याचं ऐकू आलं नाही तिला सोज्वळ.

तुझा फोन बंद. बंद कर म्हणून कुणी सांगितलं? मीच. दुकानाचा लावला, शनिवारी दुपारनंतर तुमचं दुकान बंद. पोलिसांना लावला. ते म्हणाले, आजी, एक बाई पुस्तक द्यायला येणार आहे, मग तक्रार कशाची?

संध्याकाळी सहा

तुझ्या पत्रातली इस्त्रीवाली आठवली. काळा फोन. नाव ठाऊक नाही, नंबर ठाऊक नाही. माझ्या शेजारी बसून ट्रंक कॉल लावायची ती, जिला आम्ही ट्रंक म्हणायचो, तिला फोन केला. तिच्याकडे पत्त्यावरून नंबर काढायची आमची जुनी वही अजून आहे, टाकवत नाही म्हणते. तुझी गल्ली, तळमजला, लाँड्री, सापडलं! पण नंबर पाच आकडी. त्या भागात नंतर पुढे दोनचा आकडा लावला होता हे आम्हा दोघींना एकदमच आठवलं. लावला. वाजतोय. दुकान बंद झालं असणार.

रविवार, सकाळी सात

सहापासून लावतेय. वाजतो, वाजतो आणि तुटतो. देवा, अक्काला मी काय तोंड दाखवू?

सव्वासात

उचलला. "हॅलो, कोण?" म्हणाली आणि मला रडूच आलं. एकतीस वर्षांत बोर्डावर कधी रडले नव्हते. ती "थांबा, थांबा, वर जाते" म्हणाली आणि रिसीव्हर टेबलावर ठेवला. डाव्या कानाला लावून बसलेय. तिच्या चपला जिन्यावर वाजताहेत. अजून वाजताहेत.

२ सप्टेंबर, बुधवार

प्रिय मावशी,

तुझं पत्र काल मिळालं. त्या सकाळी फोनवर तू मला बोलूच दिलं नाहीस, नुसतं "दार उघडू नकोस, दार उघडू नकोस" चाललं होतं. म्हणून सगळं नीट लिहिते.

तुझा फोन ठेवल्यावर मी इस्त्रीवालीला पहिल्यापासून सांगितलं, लेन्सवाल्यासकट. मला वाटलं हसेल. तिनं वर जाऊन माझ्या दाराचं आतलं कुलूप बाहेरून किल्लीनं लावलं, बघणाऱ्याला मी आतच आहे असं वाटावं म्हणून, मला दुकानात मागच्या बाजूला वाळत घातलेल्या चादरींच्या आड बसवलं आणि म्हणाली, "शिंकायचं नाही."

अकराला पाच कमी असताना तो आला. होय, तो. हातात खाकी कागदात बांधलेलं पुस्तक, आणि दुसऱ्या हातात हिरवं हेल्मेट.

तो थेट जिन्यानं वर गेला, कुणाला न विचारता. मी सांगितलं होतं ना सगळं, जिना कुठून आहे ते. बेल वाजली. पुन्हा वाजली. मग त्यानं अगदी मऊ आवाजात हाक मारली, "मी ताईचा भाऊ, ताईला बरं नाही, पुस्तक द्यायला आलोय." मग कडी हलवल्याचा आवाज. दार ढकलल्याचा. बराच वेळ. मी तोंडात चादरीचा कोपरा कोंबला होता.

मग तो खाली आला आणि टेबलाशी उभा राहिला. माझ्यापासून चार हातांवर. चादरीच्या खालून मला त्याचे बूट दिसत होते.

"वरची मुलगी कुठं गेलीय?" त्यानं विचारलं.

"कुठली मुलगी?" इस्त्रीवालीनं इस्त्री थांबवली नाही. "वर लेन्सवाला राहतो. उंच आहे, डोक्यानं तापट आहे. मागच्या महिन्यात एकाला जिन्यावरून खाली फेकला. आता येईलच तो."

तो हसला. "त्याला सांगा, पुन्हा येईन," म्हणाला आणि गेला. गाडीचा आवाज लांब गेल्यावर इस्त्रीवाली मटकन खाली बसली. तेव्हा कळलं, तीही घाबरली होती. गिऱ्हाइकाचा शर्ट जळला होता, इस्त्री एकाच जागी ठेवलेली.

पोलिस चौकीत गेलो तर तेच, पुस्तक द्यायला येणं हा गुन्हा नाही. मग मी सोमवारी दुकानातून खडूसला लिहिलं. काय लिहू सुचेना, म्हणून लिहिलं, "पट्टा बदलला. तुमची सायकल मिळाली का?" लगेच उत्तर आलं. नेहमीसारखं तोडून: "नाही मिळाली. तू ठीक आहेस? ताई तुझ्याकडे पण आली होती?"

मावशी, खडूस बाई आहे. तीन वर्षं पुरुषाच्या नावानं त्या गटात बसलीय. आधी ती दुसऱ्या एका गटात होती, तिथंही ताई होती, आणि तिच्याकडेही पुस्तक घेऊन ताईचा भाऊ आला होता. तिनं दार उघडलं होतं. त्यापुढचं तिनं लिहिलं नाही, आणि मी विचारलं नाही. नुसतं एवढं म्हणाली, "तेव्हापासून मी सॉरी म्हणणं सोडलं. ही तीच ताई, अशी खात्री नव्हती म्हणून तिचं नाव घेतलं नाही. मला वाटलं, पुरुषासारखं दरडावून सांगितलं तर तू ऐकशील." आणि आपण ऐकलं नाही, ते तेवढ्याचसाठी.

काल ती आली. ह्याच शहरात राहते. बुटकी आहे, माझ्याहून लहान दिसते. दुकानात येऊन काउंटरवर तिची जुनी वही ठेवली. जुन्या गटातल्या आणखी एकीचीही वही तिनं मागवून घेतली होती. तिथंही वही उतरवायचा नियम होता. माझी धरून तिन्ही वह्या चौकीतल्या बाईसाहेबांपुढे उघडून ठेवल्या. तीन हातांची अक्षरं, तारखा वेगळ्या, आणि तिन्हीत तेच, "किती छान! एकटीच असतेस का?" बाईसाहेब दोनदा वाचत बसल्या. मग त्यांनी तक्रार लिहून घेतली. माझा फोनही त्यांच्याकडेच आहे, म्हणून हे पत्र. हेल्मेटवाला अजून सापडलेला नाही.

परीक्षेला मी जाणार आहे. खडूस आता रोज दुकानात येऊन सराव घेणार आहे, कालच प्रत्येक चुकीला टेबलावर टिचकी मारत होती. तू बरी होईपर्यंत मी इस्त्रीवालीच्या घरी झोपते, दिवसा कामापुरती खोलीवर जाते. स्वतःला दोष देत बसू नकोस. तू फोन बंद करायला लावलास हे खरं, आणि तूच काळा फोन शोधून काढलास हेही खरं.

पण भीती गेलेली नाही गं. खोटं कशाला सांगू? आज दुपारी खोलीवर होते, तर दार वाजलं. मी विचारलं, "कोण?" आवाज आला, "अगं मी, इस्त्रीवाली." आवाज तिचाच होता. तरी माझा हात कडीकडे जाईना. मी आतूनच विचारलं, "मी तुमच्याकडे सारखी टाकते ती निळी चादर कुणाची, सांगा."

ती म्हणाली, "तुझ्या आईची. तू ती अंथरत नाहीस, नुसती इस्त्री करून ठेवतेस."

मग मी दार उघडलं. तू येशील तेव्हा तुलाही काहीतरी विचारणार आहे, मावशी. रागावू नकोस. नीट आठवून ये.

तुझी भिंगरी